शंभर शब्दांचा पहिला वाचक

गेल्या वर्षी एकच अलक माझ्याकडे तीन व्हॉट्सॲप गटांतून आली. पहिल्या वेळी ती निनावी होती. दुसऱ्या वेळी शेवटचे वाक्य बदललेले होते. तिसऱ्या वेळी खाली एका दिवंगत नामवंत लेखकाचे नाव होते. त्यांच्या पुस्तकांत मी ती कथा शोधली, मिळाली नाही. मूळ लेखक कोण, हे मला अजून कळलेले नाही. या शोधातूनच प्रस्तुत लेखाचा प्रश्न पुढे आला. अतिलघुकथा कोठे प्रसिद्ध होते, यावर तिचे रूप ठरते काय?

आधी संज्ञेचा घोळ दूर करू. हिंदीत ‘लघुकथा’ म्हणजे पान-अर्ध्या पानाची गोष्ट. मराठीत मात्र हा शब्द दहा-पंधरा पानांच्या कथेसाठी रूढ झाला. वि. स. खांडेकरांच्या रूपककथा आकाराने लहान, पण त्यांचा ओढा तात्पर्याकडे. त्यामुळे नुसत्या अतिलघु कथेला आपल्याकडे हक्काचे नाव नव्हते. ‘अति लघु कथा’ची आद्याक्षरे घेऊन ‘अलक’ हा शब्द आला आणि मोबाइलवर रुळला.

इंग्रजीत हा प्रकार आधी छापील संग्रहांतून स्थिरावला. १९८६ मध्ये ‘सडन फिक्शन’ हा संग्रह आला, १९९२ मध्ये ७२ कथांचा ‘फ्लॅश फिक्शन’. पुढे त्याचा सांभाळ केला तो जालावरच्या लहान वाङ्मयीन नियतकालिकांनी. अमेरिकेतील ‘व्हेस्टल रिव्ह्यू’ २००० मध्ये सुरू झाले. त्याची मर्यादा ५०० शब्दांची. २००३ च्या ‘स्मोकलाँग क्वार्टर्ली’ची १००० शब्दांची, एक सिगारेट ओढून होईपर्यंत वाचून व्हावी एवढी कथा, असा त्या नावाचा अर्थ. २००८ मध्ये ‘विगलीफ’ आले. २०११ च्या ‘१०० वर्ड स्टोरी’त बरोबर शंभर शब्द लागतात, एक कमी नाही की एक जास्त नाही.

अशी नियतकालिके बहुधा चार-सहा माणसे आपापली नोकरी सांभाळून चालवतात. मानधन अल्प किंवा शून्य. कथा सहसा अप्रकाशित लागते आणि जालावर आधीच टाकलेली कथा पुष्कळ ठिकाणी प्रकाशित समजली जाते. म्हणजे लेखकाला थांबावे लागते. कधी आठवडे, कधी महिने. बहुतेक वेळा उत्तर नकाराचेच येते.

माझ्या मते या थांबण्यातच फरकाचे मूळ आहे. तेथे कथेचा पहिला वाचक संपादक असतो. त्याने शेकडो कथा वाचलेल्या असतात. ‘आणि मग कळले की ती केव्हाच वारली होती’ या वळणाचा शेवट त्याला पहिल्या परिच्छेदातच दिसतो. धक्क्यावर तो भुलत नाही. अलकचा पहिला वाचक वेगळा. तो बसथांब्यावर उभा आहे, अंगठा पडद्यावर आहे, आणि कथा पुढे पाठवायची की नाही हे तो क्षणात ठरवतो. त्याला थांबवायचे तर शेवटच्या ओळीत डोळ्यांत पाणी तरी आणावे लागते, नाहीतर चपराक तरी द्यावी लागते. आपल्या अलकांत वृद्धाश्रम, आईचा डबा आणि सैनिकाचे पत्र पुन्हापुन्हा का येतात, याचे उत्तर लेखकांच्या कुवतीत कमी आणि या प्रसारणाच्या रीतीत अधिक आहे.

पण शेवटी कलाटणी असणे हा दोष नव्हे. मंटोच्या ‘स्याह हाशिये’ (१९४८) मधील ‘करामात’ पाहा. लुटीच्या साखरेचे पोते रात्री विहिरीत टाकताना एक माणूस स्वतःच आत पडतो आणि मरतो. दुसऱ्या दिवशी पाणी गोड लागते आणि त्या रात्री त्याच्या कबरीवर दिवे पेटतात. येथे शेवटाने कथा संपत नाही. लूट, भीती, भाबडेपणा आणि श्रद्धा यांचा विचार तेथून सुरू होतो. वापरून संपणारा शेवट आणि मागे वळून वाचायला लावणारा शेवट, यांत निवड करायला कोणीतरी दुसऱ्यांदा वाचणारा लागतो.

इंग्रजी नियतकालिकांतही साचे आहेत. वर्तमानकाळातील निवेदन, अर्धवट सोडलेली प्रतिमा, हळूच मिटणारा शेवट. वाचणारेही पुष्कळदा लिहिणारेच असतात, त्यामुळे एकमेकांसाठी लिहिण्याचा धोका राहतो. संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरणारा माणूस थकला की सारा संग्रह नाहीसा होऊ शकतो. मराठी अलकला मिळतो तेवढा वाचक त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो, हेही मान्य करायला हवे.

तरीही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. ‘स्मोकलाँग’ आपल्या अंकातील कथेबरोबर लेखकाची छोटी मुलाखत देते. ‘विगलीफ’ लेखकाकडून एक पोस्टकार्डवजा पत्र घेऊन कथेशेजारी ठेवते. शंभर शब्द लिहिणाऱ्यालाही ही मंडळी लेखक मानतात. त्याची कथा त्याच्या नावासह, एका ठरावीक पत्त्यावर सापडते.

१९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत संपादन होते, नाव होते, जपून ठेवण्याची सवय होती. आज काही अंकांत अलक येतात त्या बहुधा कथेखाली उरलेली जागा भरायला. त्यांना स्वतंत्र पान द्यावे, संपादकाने त्या परत पाठवाव्यात, पुन्हा लिहून घ्याव्यात, आणि अंक जालावर कायम ठेवावा. एवढे झाले तर पुढच्या अभ्यासकाला लेखकाचे नाव शोधत तीन गट पालथे घालावे लागणार नाहीत.