कासवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड

मोबाइलवरून एका प्रकारच्या चित्रफिती फार फिरतात. समुद्री कासवाच्या पाठीवर पांढरट, शंकूसारखे कठीण उंचवटे चिकटलेले असतात. कोणीतरी सुरी घेऊन ते एकेक उखडतो, मागे करुण संगीत वाजते आणि शेवटी 'मुक्त' झालेले कासव समुद्रात शिरते. प्राणिप्रेमाचा पाठ म्हणून अशा फिती वर्गात दाखवाव्यात का? आमच्या मते जरूर दाखवाव्यात, पण त्यांतल्या चुका शोधण्यासाठी.

पहिली चूक ओळखीची. हे शिंपले नव्हेत. ही बार्नॅकल, म्हणजे खेकडा-कोळंबीचे भाऊबंद. लिनियसनेही त्यांना शंखशिंपल्यांच्या पंगतीला बसवले होते. १८३० साली जॉन व्हॉन टॉमसन यांनी त्यांच्या पोहणाऱ्या पिलांवरून खरे नाते दाखवले. पिलू डोक्याकडून चिकटते आणि पुढे पायांनी पाण्यातले अन्नकण गाळून खाते.

दुसरी चूक त्यांना सरसकट 'परजीवी' म्हणण्याची. कासवांवर नेहमी आढळणारे केलोनिबिया टेस्टुडिनेरिया कासवाला खात नाही. त्याला हवी बसायला जागा आणि वाहते पाणी. प्रौढ झाल्यावरही ते अतिशय हळू, चांगल्या प्रवाहाच्या दिशेने सरकते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. काही जाती कातडीत रुततात हे खरे. पण म्हणून सगळ्यांना एका माळेचे मणी कसे समजावे?

तिसरी चूक सर्वांत मोठी, कार्यकारणाची. बार्नॅकलांनी लदलेले कासव अशक्त दिसते, म्हणजे त्यांच्यामुळेच ते अशक्त झाले, असे फीत सुचवते. पुष्कळदा क्रम उलटा असतो. आजारी कासव मंदावते, पृष्ठभागावर तरंगत राहते, म्हणून त्यावर बार्नॅकल जास्त बसतात. ओझे वाढले की त्रास वाढतो, हे खरे. पण उखडून मूळ दुखणे जात नाही. उलट कवचाचे खवले निघून जखम होऊ शकते. उपचार केंद्रांत अशा कासवाला गोड्या पाण्यात ठेवतात. बार्नॅकल मरून सुटू लागतात आणि आजारावर वेगळे उपचार होतात.

फितीतली दया खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण निरीक्षणाशिवाय केलेली दया सुरी होते. कोकणात सहल गेली आणि किनाऱ्यावर अशक्त कासव दिसले, तर हात न लावता वनखात्याला कळवावे. आणि वर्गात एवढाच प्रश्न विचारावा: आधी काय झाले, हे आपल्याला कसे कळले?