वेताळाचा प्रश्न, विक्रमाचे उत्तर : ‘चांदोबा’चे जुने अंक वाचताना

‘चांदोबा’ची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात, ‘चांदोबा’ पुन्हा वाचणारे क्वचित. आठवणीतला ‘चांदोबा’ नेहमीच गोड असतो, कारण त्यात कथा कमी आणि आपले बालपण अधिक असते. म्हणून बुलडाणा जिल्ह्यातील दुसरबीड येथे, जालना-मेहकर रस्त्यावरच्या त्या गावी, एका स्नेह्यांच्या घरी साठ आणि सत्तरच्या दशकांतील अंकांचे वर्षवार शिवलेले गठ्ठे हाती आले, तेव्हा आम्ही ठरवले की या वेळी गहिवर बाजूला ठेवायचा आणि समीक्षकाच्या नजरेने पानन् पान वाचायचे. कागदाला कसर लागलेली होती, कित्येक मुखपृष्ठे गळालेली होती. पण मजकूर शाबूत होता.

बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७ मध्ये हे मासिक प्रथम तेलुगू व तमिळ भाषांत काढले. मराठी आवृत्ती १९५२ साली आली. त्याच साली रुजू झालेले चित्रकार के. सी. शिवशंकरन् ऊर्फ ‘शंकर’ यांनी पुढे विक्रम-वेताळाचे ते प्रसिद्ध चित्र काढले. उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारे प्रेत आणि भोवती स्मशान असे ते चित्र ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. शंकर २०२० मध्ये वारले. मासिक १९९८ मध्ये काही काळ बंद पडले, पुन्हा सुरू झाले, नव्या मालकांकडे गेले आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कायमचे थांबले. तेव्हा आता जे काही आहे ते अशा गठ्ठ्यांतच.

चित्रांकडे आज पाहताना एक गोष्ट जाणवते. तीच चित्रे सर्व भाषांतील आवृत्त्यांत छापली जात. त्यामुळे झाडे नारळाची, देवळांची गोपुरे दाक्षिणात्य, बायकांच्या वेण्यांतील फुलांचे गजरेही तिकडचेच. ज्वारी-कपाशीच्या मुलखातला दुसरबीडचा मुलगा हे सारे वाचत होता, आणि त्याच्याच जिल्ह्यात लोणारला लवणासुराचे विवर होते, त्या राक्षसाला मारणाऱ्या दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर होते. घरच्या राक्षसाला ‘चांदोबा’त फारसा थारा मिळाला नाही. मात्र याची तक्रार आम्ही फार ताणणार नाही. परक्या झाडाखालून चालण्यात मुलांना आनंदच असतो.

आमचे खरे म्हणणे वेताळकथेविषयी आहे. ‘वेताळपंचविशी’ जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ती गुंफली; तिथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ती आणली. या कथेचे सामर्थ्य तिच्या अटीत आहे. राजाने प्रेत स्मशानात न्यायचे, पण मौन पाळून. वाटेत वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोके फुटणार. बोलला तर मौन मोडले, आणि प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे राजा शहाणा आहे म्हणूनच हरतो. जगातल्या कोणत्याही खेळाला याहून नेटका नियम सापडणे कठीण आहे.

आणि या खेळाला शेवट आहे, हे आपण विसरतो. अखेरच्या गोष्टीत एक बाप व त्याचा मुलगा दोन स्त्रियांची पावले वाटेत पाहतात. मोठी पावले जिची तिच्याशी बापाने, लहान पावले जिची तिच्याशी मुलाने लग्न करायचे असे ठरते. प्रत्यक्षात मोठी पावले लेकीची निघतात, लहान आईची. दिल्या शब्दाप्रमाणे लग्ने होतात. आता त्यांना झालेली मुले एकमेकांची कोण? राजाला उत्तर सुचत नाही. तो खरोखरच गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यानेच तो सुटतो. वेताळ प्रसन्न होऊन कपटी भिक्षूचा डाव त्याला सांगतो. चोवीस उत्तरांनी जे झाले नाही ते एका अज्ञानाने झाले. आमच्या मते संपूर्ण पंचविशीचा कणा तो मौनाचा क्षण आहे.

‘चांदोबा’ला हा क्षण परवडणारा नव्हता. मासिक दर महिन्याला निघते. राजा गप्प राहिला तर पुढच्या महिन्यात काय छापायचे? जुन्या पंचवीस गोष्टी कुठवर पुरणार? म्हणून नव्या वेताळकथा रचल्या गेल्या, आणि अक्षरशः दशकानुदशके रचल्या गेल्या. विक्रमाने दर महिन्याला झाडापाशी परतायचे, प्रेत खांद्यावर घ्यायचे, ऐकायचे आणि उत्तर द्यायचे. त्याला कधीच काही अडले नाही. गठ्ठ्यांतली पाच-सहा वर्षे सलग वाचल्यावर या न अडण्याचा शीण येऊ लागतो.

याहून सूक्ष्म बदल प्रश्नात झाला आहे. जुना वेताळ विचारतो : यांतला श्रेष्ठ कोण? ही स्त्री कोणाची? नवरा आणि भाऊ यांची मस्तके धडांवरून अदलाबदल झाली, तर नवरा कोणता? राजा म्हणतो, मस्तक प्रधान. पटो वा न पटो, तो निवाडा आहे, आणि निवाड्याशी भांडता येते. नव्या कथांतला वेताळ बहुधा विचारतो : त्याने असे का केले? हाती आलेले राज्य का नाकारले? वर मागायची वेळ आली तेव्हा तो मागे का फिरला? यावर विक्रम त्या माणसाचा हेतू उलगडून सांगतो. हा निवाडा नव्हे, खुलासा आहे. कथाकाराने मुद्दाम झाकून ठेवलेली वस्तू शेवटी दाखवायची, आणि वाचकाने ‘असे होय!’ म्हणायचे. काही कथांत ही योजना फार सुंदर साधली आहे. माणसाच्या मनाची घडी उलगडताना विक्रम जे बोलतो ते प्रौढांनीही ऐकावे असे असते. पण मुलाच्या हातातला न्यायाधीशाचा दंड मात्र गेला.

या संदर्भात परदेशातील एक उदाहरण उद्बोधक वाटते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एकजण वेताळासारखा गोष्ट सांगतो आणि अडचणीच्या जागी येऊन थांबतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार होऊन आपण काय करणार ते सांगतात, फासा पडतो आणि कथा पुढे सरकते. जून १९७६ पासून निघालेले ‘ड्रॅगन’ मासिक २००७ पर्यंत छापले जात होते. त्यात नियम, राक्षसांची वर्णने, कोष्टके पुष्कळ. वाङ्मय म्हणून ‘चांदोबा’ त्याच्यापेक्षा कितीतरी सरस. पण त्या पानांवर उत्तर छापलेले नसे. ते खेळणाऱ्यांना शोधावे लागे.

१९८० च्या दशकात तिकडच्या काही ख्रिस्ती मंडळींनी हा खेळ सैतानी ठरवला. आपल्याकडेही, आमच्या पाहण्यात, काही घरांतून स्मशान आणि प्रेत असलेले मासिक मुलांच्या हाती देताना वडीलधारी कचरत. त्या काळजीचा आम्ही उपहास करत नाही. तथापि या खेळावर ज्यांची दाट छाया आहे ते टॉल्किन स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते, हेही ध्यानात घ्यावे. कथेतल्या वेताळापुढे कोणी गुडघे टेकत नाही. तो प्रश्न विचारतो, एवढेच. भय वाटायचेच असेल तर प्रश्न न विचारणाऱ्या मासिकांचे वाटावे.

धारावाहिकांविषयी थोडक्यात. राक्षस, मांत्रिक, किल्ले, भुयारे यांनी भरलेल्या या कादंबऱ्या लहानपणी आम्हांला वेताळापेक्षा प्रिय होत्या. आज त्या वेगवान वाटतात, पण नायकापुढे निवड अशी कधी येतच नाही. संकट येते आणि तो त्यातून निसटतो. त्यांतील बहुतेक तेलुगू लेखक दासरी सुब्रह्मण्यम यांच्या लेखणीतून उतरल्या. कोडवटिगंटी कुटुंबराव यांच्यासारख्या मोठ्या तेलुगू साहित्यिकाने १९८० पर्यंत या मासिकाचे संपादन सांभाळले. यांची नावे मराठी बालवाचकाला कधी कळली नाहीत. कथेवर लेखकाचे नाव नसे, आणि मराठीत उतरवणाऱ्याचे तर नसेच. कोठे वाक्य अवघडलेले, कोठे क्रियापद उगाच जड. पण एकंदरीत ती मराठी स्वच्छ होती, आणि शाळेच्या पुस्तकाबाहेर वाचायला फारसे काही नसलेल्या खेड्यांतील दोन पिढ्यांचे वाचन तिच्यावर पोसले. ते काम करणारे कोण होते, त्यांना पानामागे काय मिळत होते, याचा शोध आपल्या अभ्यासकांनी अद्याप घ्यावयाचा आहे.

दुसरबीडच्या गठ्ठ्यांत आणखी एक लेखक आहे, तोही निनावी. १९६८ च्या सुमाराच्या काही अंकांत, वेताळाचा प्रश्न संपतो आणि विक्रमाचे उत्तर सुरू होते त्या जागी, समासात पेन्सिलीने लहान अक्षरांत काहीतरी लिहिलेले आढळते. कोठे नुसते नाव, कोठे ‘दोघेही’. एका ठिकाणी राज्य सोडून जाणाऱ्या तरुणाचे विक्रमाने तोंडभर कौतुक केले आहे. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहिले आहे : ‘मग आईला कोण बघणार’. घरच्यांना विचारले, ते अक्षर कोणाचे हे त्यांनाही सांगता आले नाही. अंक त्या काळी सात-आठ घरांतून फिरत असत.