सात खुणांच्या यादीत नसलेले दुखणे

कर्करोगाच्या धोक्याच्या सात खुणा दवाखान्यांतल्या तक्त्यांमुळे आपल्या परिचयाच्या आहेत. न भरणारी जखम, गाठ, अकारण रक्तस्राव, गिळताना त्रास, तीळ किंवा चामखिळीतला बदल, शौच-लघवीच्या सवयीतला बदल, चिवट खोकला वा बसलेला आवाज. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने रूढ केलेली ही यादी सुटसुटीत आहे, मुलांना चटकन पाठ होते. पण तिच्यात हाडाचे दुखणे नाही, आणि ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

यादी केली आहे ती ज्याला कर्करोग झाल्याचे अजून ठाऊक नाही, अशा माणसासाठी. समजा, नागपुरात सदरमध्ये राहणाऱ्या ७० वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे ८ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले आहे. महिनाभर उजवा खुबा दुखतो आहे. तक्ता वाचून त्या निर्धास्त होतील. शेजारीणही म्हणेल, वात आहे, तेल लावा.

शेजारीण बहुधा बरोबरच असेल! या वयात सांध्यांची झीज हेच नेहमीचे कारण. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनीही सांधे आखडतात. मग शंका केव्हा घ्यायची? १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने बी आणि जमिनीची उपमा दिली होती : पेशी कुठेही पोचतात, रुजतात मात्र मानवेल तिथेच. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस यांच्या कर्करोगाला हाड मानवते; त्यातही मणके, कंबरेचे हाड, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग. म्हणून दोन्ही गुडघे जिना चढताना कुरकुरणे आणि एकच खुबा रात्री पडल्यापडल्या ठणकणे, यांचे वजन सारखे नाही. (खुब्याचे दुखणे कधी गुडघ्यातच जाणवते, हा आणखी एक घोटाळा.)

साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे संपले, असेही नाही. हाडातली खनिजे तिसरा हिस्सा ते निम्मी घटेपर्यंत त्यात डाग दिसत नाही. बोन स्कॅन लवकर दाखवतो, पण झिजलेला सांधाही त्यात उजळतो. शेवटी एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो, कधी तुकडा काढून तपासावा लागतो. पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

तक्ता काढून टाकण्याचे कारण नाही. वर्गात लावताना खाली हाताने एक ओळ लिहावी : पूर्वी कर्करोग झाला असेल, तर नवे, न थांबणारे हाडाचे दुखणे डॉक्टरांना सांगा, आणि जुन्या ऑपरेशनची फाईल आधी पुढे ठेवा.