योग, रक्तातली साखर आणि ६५ माणसं

'योगा-डीपी' या अभ्यासाचा हवाला देऊन कुणी रिसर्च प्रपोजलमध्ये "योगाने मधुमेह टळतो हे सिद्ध झालंय" असं लिहिलं, तर गाइडने तिथंच लाल पेन काढावं. अभ्यास वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्याने तो प्रश्न विचारलेलाच नाही म्हणून.

अभ्यास असा: बंगळुरू आणि दिल्ली ही दोन केंद्रं, मधुमेहाचा धोका जास्त असलेली ६५ माणसं, रँडमाइज करून दोन गट. एका गटाला २४ आठवड्यांचा योग कार्यक्रम, म्हणजे शिक्षकासोबत वर्ग आणि घरी सराव. दुसऱ्या गटाला जीवनशैलीबद्दल माहिती. ही फीजिबिलिटी ट्रायल होती. माणसं मिळतात का, शेवटपर्यंत टिकतात का, घरी सराव करतात का, एवढंच तपासायचं होतं. त्या कामाला ६५ माणसं पुरतात.

पण मधुमेह टळतो का, हे सांगायला किती लागतील? चला, हिशोब करू. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा चेन्नईतला आयडीपीपी-१ अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५३१ माणसं होती आणि पाठपुरावा साधारण ३० महिन्यांचा. कंट्रोल गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायाम बदललेल्या गटात ३९.३ टक्के लोकांना. योगाचा परिणामही एवढाच असेल असं धरा. ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के सिग्निफिकन्स घेतलं, तर प्रत्येक गटात सुमारे १५५ माणसं लागतात. मध्येच सोडून जाणारे वेगळे. शिवाय सहा महिन्यांत काम भागत नाही, अडीच वर्षं थांबावं लागतं.

माझा खरा आक्षेप मात्र तुलनेवर आहे. एका गटाला शिक्षक, सोबती आणि ठरलेली वेळ मिळते, दुसऱ्याला माहिती. उद्या फरक दिसलाच, तर तो आसनांचा, श्वासाचा, की दर आठवड्याला कुणीतरी विचारपूस करण्याचा? "हा कार्यक्रम चालतो का" असा प्रश्न असेल, तर ही तुलना चालेल. "योगात काही खास आहे का" असं विचारायचं असेल, तर तितकाच वेळ, तितकंच लक्ष देऊन भरभर चालायला लावलेला तिसरा गट हवा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका.

तरीही कंट्रोल गट आहे, ही जमेची बाजू. शिबिराआधी आणि शिबिरानंतर साखर मोजणाऱ्या पेपरांत तोही नसतो. उपाशीपोटीची साखर ११२ आली म्हणून कुणाला निवडलं, की पुढच्या वेळी ती काहीही न करता थोडी खाली येण्याची शक्यता असतेच. यालाच 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात. आयडीपीपीने म्हणूनच एका चाचणीवर भरवसा न ठेवता ग्लुकोज टॉलरन्स पुन्हा तपासून माणसं घेतली.

हे सगळं फक्त व्हायव्हापुरतं नाही. काठावरचा माणूस आपला निष्कर्ष वाचून चालणं सोडेल, पुढची तपासणी टाळेल, "योग करतोय ना" म्हणेल. त्यामुळे कुठलाही पेपर हातात घेतलात की निकालाआधी उद्देशाचं वाक्य वाचा आणि स्वतःला विचारा: यांनी नेमकं काय विचारलं होतं?