‘समाजस्वास्थ्या’तील प्रश्नोत्तरे आणि गुप्ततेचा प्रश्न

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–१९५३) या मासिकाचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा अश्लीलतेच्या अंगाने होतो. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरीही दंड झाला. विवेचन येथेच थांबते. त्या प्रश्नोत्तरांच्या रूपाची चिकित्सा त्यामानाने उपेक्षितच राहिली आहे.

या रूपाचे मर्म असे, की प्रश्न विचारणारा चारचौघांत उघडा न पडता त्याचा प्रश्न मात्र चारचौघांत येतो. कर्व्यांची उत्तरे पुष्कळदा कोरडी व तर्ककर्कश आहेत. पण ‘तू कोण? तुझे लग्न झाले आहे काय?’ ही उलटतपासणी ते ज्ञानाची पूर्वअट करीत नाहीत. गुप्तता ही येथे केलेली मेहेरबानी नव्हे. तिच्यावाचून प्रश्न उच्चारलाच जात नाही.

तथापि हा प्रश्नकर्ता साक्षर व टपालखर्च परवडणारा होता, हेही नोंदविले पाहिजे. शिवाय १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले असल्याने, पंधरा वर्षांची मुलगी त्या काळी कायद्याने पत्नी असू शके. आज ती विवाहिता नाही आणि प्रौढही नाही. म्हणून तिच्या प्रश्नाला व्यवस्थेत जागाच उरत नाही.

भंडारा जिल्ह्यातील पवनी वा लाखांदूर तालुक्यातले एखादे लहान गाव डोळ्यांपुढे आणावे. संततिनियमनाच्या गोळ्या व निरोध घरपोच देणारी आशा स्वयंसेविका त्याच गावची रहिवासी असावी, अशी योजनेची अट आहे. बाळंतिणीला ही अट उपकारक. अविवाहित मुलीला तीच अडसर. आशाताई तिची काकू नसली, तर काकूची मैत्रीण असते! सरकारी नोंदवहीतील ‘पात्र जोडपे’ हा शब्दप्रयोगही समीक्षकाने तपासावा असा आहे. पात्रता जोडप्याला, तीही विवाहित. एकट्या व्यक्तीला पात्रतेचे व्याकरणच नाही.

किशोरवयीनांसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाची केंद्रे शासकीय रुग्णालयांतून निघाली आणि २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. नाव सुरेख आहे. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने या मैत्रीला मोठीच मर्यादा घातली. अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधातील संमती हा कायदा मानीत नाही, आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना अथवा विशेष बालपोलीस पथकाला कळविणे त्याने बंधनकारक केले. सतरा वर्षांची मुलगी आपल्या संबंधांविषयी खरे बोलली, तर ऐकणाऱ्यावर ती वार्ता पुढे नेण्याची जबाबदारी येते. शोषण उघडकीस यावे, हा हेतू निःसंशय रास्त आहे. मात्र त्याच तरतुदीने समवयस्कांच्या परस्परसंमतीच्या संबंधातील मुलीचेही तोंड बंद होते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात ही कोंडी थोडी सैल केली. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असता, तिने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. यातील ‘व पालकांनी’ हे दोन शब्द फार जड आहेत. शिवाय ही सवलत गर्भ राहिल्यानंतरची आहे. गर्भ राहू नये म्हणून आधी येणाऱ्या मुलीला, आईबापांस न कळता, कर्व्यांच्या वाचकाला लाभलेले निनावीपण अद्याप मिळालेले नाही.