लांबोडक्या टाकीच्या बाजूने

घरी समुद्री प्रवाळांची टाकी लावायची ठरली की पहिला प्रश्न आकाराचा येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दिवाणखाना देतो. कोपरा रिकामा आहे? मग पंचकोनी. सोफ्याशेजारी शोभेल असं काही हवंय? मग लांबी-रुंदी-उंची सारखी असलेला, वरची पट्टी नसलेला क्यूब. पाहुण्यांनी थबकून बघावं असं वाटतं? मग उभा दंडगोल. साधी लांबट टाकी आठवते ती सगळ्यात शेवटी, तीही स्वस्त पडते म्हणून. आज या आकारांची थोडी समीक्षा करू. खुर्ची जशी बसणाऱ्याच्या पाठीवरून तपासतात, तशी टाकी आतल्या जिवाच्या बाजूने तपासायची. माझं पीएचडीचं काम प्रवाळाभोवती पाणी कसं वाहतं यावर आहे, त्यामुळे माझा कल कुठे जाणार ते तुम्हाला शीर्षकावरूनच कळलं असेल.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे घालण्यात आले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. त्यामुळे मालवणच्या खडकावरून तुकडा काढून घरी आणणं हा छंद होत नाही, तो गुन्हा होतो. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर युरोप-अमेरिकेत राहणारे वाचक आहेत, जिथे फार्ममध्ये वाढवलेली प्रवाळं कायदेशीर विकत मिळतात. बाकीच्यांनीही वाचा. ओहोटीला खडकावर गेलात तर तिथलं प्रवाळ बघताना उपयोगी पडेल.

आता हिशेब. २१६ लिटर पाणी घ्या. ६० सेंटिमीटरच्या क्यूबमध्ये ते बरोबर बसतं आणि हवेला भिडणारा पाण्याचा पृष्ठभाग ०.३६ चौरस मीटर मिळतो. तेच पाणी १२० लांब, ६० रुंद अशा टाकीत ओतलं तर ते फक्त ३० सेंटिमीटर चढतं आणि पृष्ठभाग ०.७२ होतो, म्हणजे सरळ दुप्पट. आणि ५० सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या दंडगोलात? पाणी ११० सेंटिमीटरपर्यंत चढतं आणि पृष्ठभाग ०.२ च्याही जरा खाली येतो. पाणी तेवढंच, पण त्याचं 'नाक' साडेतीन पटींहून लहान झालं.

नाक म्हणते ते उगाच नाही. दिवसा प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशावर ऑक्सिजन बनवतात. रात्री दिवे गेले की तीच शैवालं, प्रवाळ, मासे, वाळूतले जिवाणू, सगळेच ऑक्सिजन खातात. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात मुळात लिटरला जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो भरून येण्याचा मोठा रस्ता म्हणजे पृष्ठभाग. जाणकार म्हणतील, खाली संप आहे, स्किमर आहे, ते हवा मिसळतात. बरोबर आहे. पण वीज गेली की संपही थांबतो आणि स्किमरही. तेव्हा टाकीजवळ फक्त तिचा आकार उरतो.

दंडगोलाबद्दल आणखी बोलायला हवं, कारण तो सगळ्यात जास्त मोहात पाडतो. त्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे: दाब झेलायला गोल भिंत चांगली. सपाट काच पाण्याच्या दाबाने मधोमध फुगू बघते, गोल भिंतीत तोच दाब ताण होऊन चहूकडे वाटला जातो. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलातली सुमारे दहा लाख लिटरची दंडगोल टाकी पहाटे फुटली आणि आतले बहुतेक सगळे, सुमारे पंधराशे, मासे गेले. त्यावरून घरातल्या टाकीला दोषी धरणं अन्यायाचं होईल, ते काम कितीतरी पट मोठं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. पाणी भरलेला दंडगोल भिंगासारखा वागतो, मासा आडवा फुगलेला दिसतो आणि प्रवाळाचा खरा आकार कुठूनच दिसत नाही. ११० सेंटिमीटर खोल पाण्यात तळाला पडलेला तुकडा उचलायला हात पुरत नाही. तळापर्यंत प्रकाश पोचवायला जोरदार दिवा लावाल तर वरची प्रवाळं होरपळतील. ज्या टाकीत हात घालता येत नाही, ती टाकी हळूहळू नुसती बघायची वस्तू होते आणि मग बघण्यासारखंही राहत नाही.

गोल आकार वाईटच असतो असं मात्र नाही. जेलीफिशसाठी तो लागतोच. ती पाण्याबरोबर वाहणारी, अंगाने मऊ. कोपऱ्यात अडकली की फाटते. म्हणून तिला गोल फिरत्या पाण्याच्या टाकीत ठेवतात. वुल्फ ग्रेवे या जर्मन संशोधकाने १९६८ मध्ये प्लवकांसाठी अशी टाकी मांडली, तिचं नाव क्रायझेल, म्हणजे भोवरा. आत राहणाऱ्या जिवावरून आकार ठरला की कसा ठरतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रवाळाची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते एका जागी चिकटलेलं. ऑक्सिजन, खाद्याचे कण, क्षार, सगळं पाण्यानेच आणून द्यायचं आणि टाकाऊ तेही पाण्यानेच न्यायचं. त्यातही मेख अशी की प्रवाळाच्या त्वचेला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. या थरातून सगळी देवाणघेवाण नुसत्या विसरणाने होते, म्हणजे रांगत. बाहेरचं पाणी जोरात वाहिलं की थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. आमच्या क्षेत्रात हे पुस्तकी राहिलेलं नाही. १९९८ मध्ये समुद्र तापून प्रवाळं पांढरी पडली, त्यानंतर नाकामुरा आणि व्हॅन वोसिक यांनी ओकिनावात केलेलं काम २००१ मध्ये छापून आलं. त्याच उष्ण पाण्यात वाहता प्रवाह मिळालेली प्रवाळं तगली, संथ पाण्यातली मोठ्या प्रमाणात मेली.

आता हा प्रवाह टाकीत आणायचा तर पंप लागतो, आणि पंपाच्या झोताचा एक साधा नियम आहे: अंतर दुप्पट झालं की झोताच्या मधला वेग साधारण निम्म्यावर येतो आणि झोत रुंदावतो. क्यूबमध्ये ६० सेंटिमीटरवर समोरची काच येते, रुंदावायला जागाच नाही. पंपाजवळच्या प्रवाळाचं मांस सोलून निघेल इतका जोर, आणि खडकामागे मेलेला कोपरा जिथे घाण साचते. चार फुटी टाकीत झोताला पळायला अंगण मिळतं. जोराचं, मध्यम, हलकं असे तीन-चार पट्टे आपोआप तयार होतात आणि कोणतं प्रवाळ कुठे ठेवायचं ते तुम्ही निवडू शकता. दोन्ही टोकांना एकेक पंप लावून आळीपाळीने चालवलात तर पाणी मागे-पुढे हेलकावतं, उथळ समुद्रात लाटेखाली हलतं तसं.

आणि गंमत पुढेच आहे. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या एकाच जातीच्या फांद्या जोराच्या पाण्यात जाड, आखूड, एकमेकींना चिकटून येतात, तर संथ पाण्यात बारीक आणि विरळ. म्हणजे टाकीचा आकार निवडताना तुम्ही नकळत प्रवाळाचाही आकार निवडत असता. सजावट म्हणून घेतलेला निर्णय दोन वर्षांनी त्याच्या हाडात उतरलेला दिसतो.

पुढून फुगीर काचेची टाकी, षटकोनी, कोपऱ्यातली पंचकोनी यांवर फार वेळ घालवत नाही. फुगीर काचेवर चढलेलं गुलाबी कडक शैवाल सरळ पात्याने खरवडून बघा, म्हणजे मत बनेल.

लांबट टाकीलाही सरसकट पास करता येत नाही. बाजारातली नेहमीची चार फुटी टाकी अनेकदा जेमतेम ३० सेंटिमीटर रुंद असते. तिच्यात खडक मागच्या काचेला टेकवून भिंतच रचावी लागते आणि त्या भिंतीमागे पाणी पोचत नाही. मला रुंदी किमान ४५, जमलं तर ६० हवी. दिसायला ती जरा कंटाळवाणी असते, हे कबूल. उंचीचा मोहही आवरा, कारण काचेवरचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. १२० सेंटिमीटर लांब काचेवर ४५ उंचीच्या समुद्री पाण्याचा जोर सुमारे १२५ किलो वजनाइतका असतो, ६० उंचीला तो २२० वर जातो.

क्यूब घरात आधीच असेल तर टाकून देऊ नका. तीन बाजूंनी बघता येईल असं छोटं बेट मधोमध रचा, काचांपासून चारही बाजूंना हात फिरेल इतकी जागा सोडा आणि संथ पाणी चालणारी मऊ प्रवाळं, मशरूम कोरल वगैरे ठेवा. मग पंप चालू असताना माशांच्या खाद्याची चिमूट पाण्यात सोडा आणि कण कुठे जातात ते बघा. जिथे ते खाली बसून हलेनासे होतात, तिथे काहीही लावू नका, किंवा पंपाचं तोंड थोडं वळवून पुन्हा एक चिमूट सोडा.