चिठ्ठी नसलेली गिटार

(बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

जुनं वाद्य हातात आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कुणाचं आहे?" म्हणजे कंपनी कोणती, कारागीर कोण. गोलाच्या आत डोकावतो, चिठ्ठी शोधतो. चिठ्ठी सापडली की समाधान, नाही सापडली तर ते वाद्य बेवारस ठरतं. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न पहिला नाहीच. तो तिसरा किंवा चौथा आहे, आणि त्याला उगाच पुढे आणल्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघंही फसतात.

ही समोर टेबलावर आहे ती गिटार आपल्यातल्याच एका तरुणानं साडेतीन हजाराला घेतली. जुन्या सामानाच्या दुकानातून. आत चिठ्ठी नाही. दुकानदार म्हणाला, स्पॅनिश आहे, पन्नास वर्षांची. एका जाणकारानं सांगितलं, भंगार आहे, जाळून टाक. आणि तिसऱ्यानं जो सल्ला दिला त्यामुळे मी आज हा विषय घेतला. तो म्हणाला, एक छान स्पॅनिश नावाचं लेबल छापून आत चिकटव, तीस हजाराला सहज जाईल. (हशा.) हसू नका, असं होतं. कागद छापायला काय लागतं?

गिटारीच्या इतिहासात हा उद्योग जुना आहे. अंतोनियो दे तोरेस हा १९व्या शतकातला स्पेनचा कारागीर, १८१७ ते १८९२. आजची क्लासिकल गिटार ज्या मापाची, ज्या बांध्याची आहे ती बव्हंशी त्याच्यामुळे. त्याच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या लावलेल्या गिटारी बाजारात फिरल्या. ज्याचं नाव मोठं, त्याची चिठ्ठी खोटी निघण्याची शक्यता जास्त. साध्या नावाची नक्कल कोण करतो?

बरं, चिठ्ठी खरी असली तरी ती काय सांगते? आंद्रेस सेगोव्हियाची १९१२ सालची गिटार घ्या. त्यानं जगभर नाव कमावलं ते याच वाद्यावर, १९३७ पर्यंत. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चिठ्ठी मानुएल रामिरेसची. पण ती घडवली सांतोस एर्नांदेसनं, असं मानतात. तो तेव्हा रामिरेसच्या माद्रिदमधल्या कारखान्यात कामाला होता. म्हणजे अस्सल चिठ्ठीसुद्धा मालकाचं नाव सांगते, हाताचं नाही. आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि आत रंधा मारणारा दुसराच असतो.

आता गंमत बघा. तानपुऱ्याच्या बाबतीत आपण इतके भोळे नसतो. तानपुरा घ्यायला गेलेला गवई आधी तार छेडतो, जवारी ऐकतो, भोपळा ठोकून बघतो, दांडी डोळ्याच्या रेषेत धरतो. नाव नंतर विचारतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण मानांकनानं कळतं की वाद्य मिरजेचं आहे. ते वाजतं कसं, हे कान लावल्याशिवाय कळत नाही. ही समज आपल्याकडे आहे. मग गिटार समोर आली की आपण एकदम कागद का शोधू लागतो? परकं वाद्य म्हणून आपण आपल्या कानावरचा विश्वास सोडून देतो, हेच मला खटकतं.

इथे तलावावर हिवाळ्यात पक्षी बघायला माणसं येतात. पक्ष्याच्या पायात कडं नसलं म्हणून कुणी त्याला ओळखायचं सोडत नाही. चोच बघतात, उडण्याची ढब बघतात, आवाज ऐकतात. तेच करू.

आधी ही क्लासिकल आहे का, एवढंच ठरवू. खांदा, म्हणजे मानेचा आणि पेटीचा सांधा, बाराव्या फ्रेटवर आहे. डोक्याला आरपार दोन खाचा, त्यात जाड पांढऱ्या रुळ्या. मान रुंद, नटपाशी मी मोजली, ५१ मिलिमीटर. क्लासिकलला साधारण ५२ असते, स्टीलच्या तारांच्या गिटारीला त्यापेक्षा बरीच कमी. नट ते बारावा फ्रेट ३२५ मिलिमीटर. दुप्पट करा, ६५०. हे आजचं प्रचलित माप. म्हणजे ज्यानं ही बनवली त्याला आपण काय बनवतोय ते माहीत होतं. आपल्या बाजारात क्लासिकलसारखी दिसणारी, पण आतून स्टीलच्या गिटारीसारखी बांधलेली बरीच वाद्यं असतात. त्यातली ही नाही, असा पहिला अंदाज.

आता लाकूड. आवाजाच्या गोलाची कड बघा, तिथे लाकूड कापलेलं उघडं दिसतं. वरच्या पृष्ठभागावरच्या बारीक उभ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरतात का? उतरतात. म्हणजे टॉप, सतारीच्या भाषेत तबली, अखंड लाकडाची आहे, स्प्रूसची. प्लाय असता तर कडेला थर दिसले असते, सँडविचसारखे. पाठीसाठी दुसरी युक्ती. बाहेरून एखादी ठळक काळी रेघ धरा, मग गोलातून आत बॅटरी मारून त्याच जागी ती रेघ आहे का बघा. इथे नाही. आतलं लाकूड फिकट आणि वेगळंच आहे. म्हणजे पाठ प्लायची, वर शिसवीचा पातळ पापुद्रा.

"प्लाय" म्हटलं की तोंडं उतरतात, मला माहीत आहे. पण याच तोरेसनं १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. हो, पुठ्ठ्यासारख्या. त्याला दाखवायचं होतं की आवाजाचं बहुतेक काम टॉप करतो. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा टॉप अखंड आणि पाठ प्लाय, हा विद्यार्थ्याच्या गिटारीसाठी लाजिरवाणा नव्हे, समंजस हिशोब आहे. उलट असतं, चकचकीत पाठ आणि प्लायचा टॉप, तर मी नाक मुरडलं असतं.

आत छोटा आरसा घाला, किंवा तारा सैल करून मोबाइल. टॉपच्या खाली पट्ट्या कशा आहेत? शिडीसारख्या आडव्या, की पंख्यासारख्या पसरलेल्या? इथे पंखा आहे, पाच पट्ट्यांचा. हीच क्लासिकलची जात. आणि आत पाठीवर, गोलाच्या बरोबर खाली, एक चौकोनी फिकट डाग. तिथे चिठ्ठी होती. दमट हवेत डिंक सुटून कागद गळतो, कुणी मुद्दामही काढतं. त्या डागावरून गोष्ट रचायचा मोह होतो, तो आवरा. डाग एवढंच सांगतो की इथे कागद होता.

पॉलिशबद्दल गोंदियात बोलायला मला विशेष आवडतं. उत्तम जुन्या गिटारींवर फ्रेंच पॉलिश असतं, आणि ते लाखेचं असतं. तुमच्या पळसावर, कुसुमावर जी लाख होते तीच, साफ करून स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं पातळ थरांत चढवलेली. थर इतका पातळ की टॉप मोकळा हलतो. या गिटारीवर मात्र जाड, काचेसारखं यंत्रानं मारलेलं पॉलिश आहे. कारखान्याची खूण. आणि कृपा करून घरी स्पिरिटचा बोळा लावून परीक्षा करू नका. लाख असेल तर परीक्षेतच पॉलिश जाईल.

शिसवी म्हणालो, तर एक इशारा. "ब्राझिलियन रोझवूड" हे शब्द विकणाऱ्याच्या तोंडी आले की किंमत उड्या मारते. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद. त्यामुळे जगभरच्या गिटारींवर दिसतं ते बहुधा आपलं भारतीय शिसव. पापुद्र्यावरून दोन्हींतला फरक छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून जरा लांब राहा.

आता तब्येत, कारण किंमत ठरते ती इथे. ब्रिजच्या मागे टॉप थोडा फुगलेला आहे आणि ब्रिज किंचित पुढे कलला आहे. याच्यावर कुणीतरी स्टीलच्या तारा चढवल्या होत्या. नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून चाळीसेक किलो, स्टीलच्या हलक्या संचाचाही सत्तरच्या आसपास. बिचारीनं सोसलं. पण सांधे सुटलेले नाहीत. बोटानं हलकं ठोकत गेलात तर कुठेही खडखड येत नाही. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची खालच्या सडपातळ तारेला ३ आणि वरच्या जाड तारेला ४ मिलिमीटर असावी, इथे ती ५च्या पुढे आहे. सॅडलचं हाड अजून बरंच वर आहे, म्हणून ते घासून उंची उतरेल. हाड आधीच संपलेलं असतं तर मी म्हणालो असतो, घेऊ नका. स्पॅनिश पद्धतीत मान आणि आतला ठोकळा एकच असतो, पेटी त्याच्याभोवती बांधतात; मानेचा कोन बदलायचा म्हणजे पेटी उघडायची. साडेतीन हजाराच्या वाद्यावर कुणी ते करत नाही.

तर माझं मत. ही कारखान्यात झालेली, पण नीट बांधलेली विद्यार्थ्याची गिटार आहे. मधल्या तारा गोड, खालचा षड्ज जरा बोदा. साडेतीन हजार ही किंमत रास्त. सॅडल आणि नव्या तारांवर थोडा खर्च करून ती पुढची दहा वर्षं वाजेल. ती लाखाची नाही आणि भंगारही नाही. आणि ते छापील लेबल? ते लावलं की जे खरं आहे तेही खोटं होतं. पुढचा माणूस अखंड टॉप बघणार नाही, पंखा बघणार नाही, फक्त कागद वाचेल. आणि कागद खोटा निघाला की चांगल्या टॉपलाही शिव्या देईल. विकायची असेल तर मी आत्ता जे सांगितलं तेच एका कागदावर लिहून सोबत द्या.

(श्रोत्यांतून प्रश्न: नायलॉनच्या तारांचा आवाज बारीक येतो, भजनात ऐकू जात नाही. मग स्टील का नको?)

कारण ती भजनात एक वर्ष वाजेल आणि मग ब्रिज उखडेल. मोठा आवाज हवा असेल तर दुसरी गिटार घ्या, किंवा हिच्यासमोर माइक ठेवा.

(प्रश्न: मे महिन्यात इथे हवा कोरडी होते. काही करावं लागतं का?)

चांगला प्रश्न. पंचेचाळीसेक टक्के आर्द्रता या वाद्यांना मानवते. आपल्या उन्हाळ्यात हवा त्याच्या खूप खाली जाते आणि पावसात वर. मे महिन्यात मानेच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर लाकूड आकसलंय. पेटीत साबणदाणीला भोकं पाडून ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, दोन-तीन दिवसांनी परत ओला करा. कूलरसमोर ठेवू नका, आणि पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगून तर अजिबात नको. पावसाळ्यात तोच स्पंज काढून टाका. विसरलात तर बुरशी येईल.